वळखून ठेवा

बाई म्हणाल्या, "बुधवारी तुमचा मुलगा वर्गात पिऊन आला होता. मधल्या सुट्टीनंतर मागच्या बाकावर आडवा झाला. उठवायला गेले तर उलटी केली. त्याच्या पाण्याच्या बाटलीत दारू निघाली."

एवढं बोलून बाईंनी पोराकडं बघितलं. आईला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. पोरगं आईकडं वळलं आणि खाली मान घालून कानडीत म्हणालं, "मार्क कडिमि बंदाव अंत."

मार्क कमी पडलेत म्हणतात.

आईनं मान हलवली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, पण नखांच्या कडेला सिमेंट तसंच होतं. ते एका धुण्यात जात नाही. चपला तिनं शिक्षकखोलीच्या दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. ती बाईंना हात जोडून कानडीत काहीतरी बोलली. पोरानं त्याचंही मराठी केलं, "मी लक्ष देईन म्हणते." प्रत्यक्षात ती म्हणाली होती, "मी शिकलेली नाही ताई, तुम्हीच बघा याच्याकडं."

मला कानडी धड बोलता येत नाही, पण कळते. माझं गाव निलंगा तालुक्यातलं. तिथून कर्नाटकाची हद्द जवळ, आजी बसवकल्याणकडची, त्यामुळं ती भाषा लहानपणापासून कानावरची. पुण्यात धानोरीच्या समाजमंदिरात मी रोज संध्याकाळी सात ते नऊ आठवी ते दहावीच्या पोरांची अभ्यासिका घेतो. हे पोरगं त्यातलंच, नववीचं. म्हणून शाळेत त्या मायलेकांबरोबर गेलो होतो. त्या खोलीत चार माणसं होती आणि तो काय करतोय हे फक्त मला कळलं होतं. पोराला ते माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. कारण तीस वर्षांपूर्वी हेच मी केलं होतं, आणि त्या पोराच्या तोंडून ते ऐकताना माझेच कान तापले होते.

*

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचं घर पडलं. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव उशिरा निजलं होतं. आमच्याकडची घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन हात जाड, वर मातीनं लिंपलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा असायचा म्हणून त्या माळवदाचं कौतुक होतं. त्या पहाटे ते माळवदच लोकांच्या अंगावर आलं. मी तेरा वर्षांचा होतो आणि अंगणात बाजेवर झोपलो होतो. आजी आत होती. याहून जास्त त्या रात्रीबद्दल मला लिहिता येत नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुण्याला आलो. आप्पा माळकरी होते. पुण्यात कुठं राहायचं ते त्यांनी एकाच गोष्टीवरून ठरवलं. गावातल्या एकानं सांगितलं की विश्रांतवाडीला बांधकामावर वॉचमन पाहिजेत. आप्पांनी विचारलं, "तिथून आळंदी किती लांब?" चालत जाऊन येता येतं म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली की दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्यात येते. आमच्या पत्र्याच्या खोलीपासून ती वाट हाकेच्या अंतरावर होती. एवढी एक गोष्ट सोडली तर ह्या शहरात आप्पांच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

मला शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी हजेरी घेताना "कुठे आहेस रे" म्हणून विचारलं आणि मी व्हरांड्यातून ओरडलो, "येऊलालो सर!" सगळा वर्ग हसला. लातूरकडं कुणी येत असलं की असंच म्हणतं. त्यात हसण्यासारखं काय, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. पुढं तेच माझं नाव झालं, येऊलालो. मी बोलणंच कमी केलं. दुकानात गेलो तर बोट दाखवायचो.

माझ्याकडं देण्यासारखी एकच गोष्ट आहे, हे पोरांना माझ्या आधी समजलं. माझा बाप अर्धवट इमारतीचा वॉचमन होता. संध्याकाळी मजूर गेले की चार मजले मोकळे. कुणाला बसायला जागा पाहिजे असली की ती माझ्याकडं. नववीत असताना, १९९५ च्या गणपतीत, चौघंजण आले. एकाच्या दप्तरात देशीची बाटली होती, संत्रा. आप्पा तेव्हा हरिपाठाला गेलेले. चौथ्या स्लॅबवर नुकतंच काँक्रीट झालं होतं, त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलेलं. त्या पाण्याला ओल्या सिमेंटचा वास असतो. त्यातच बाटलीचा तो संत्र्याच्या गोळीसारखा वास मिसळला. आजही कुठं नवा स्लॅब पडला आणि पाण्याचा वास आला की माझ्या जिभेच्या मुळाशी ती चव येते.

घसा जळला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि मी बोलायला लागलो. भडाभडा, माझ्या बोलीत. कुणी हसलं नाही, किंवा हसले तरी ते हसणं वेगळं होतं. एकानं खांद्यावर हात टाकला. दीड वर्षात शाळेतल्या कुठल्याही पोरानं माझ्या खांद्यावर हात टाकलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. भूकंपापासून रात्री पत्रा वाजला की मी उठून बाहेर पळायचो. वारा असो, मांजर असो. माय मला धरून आत आणायची. त्या रात्री पत्रा वाजला असेल-नसेल, मी उठलो नाही. सकाळी माय म्हणाली, "आज लेकरू निवांत झोपलं." तिला बरं वाटलं. मलाही.

पोरं दारू का पितात यावर मोठी माणसं बोलतात तेव्हा मी हे मनात धरून ऐकतो. संगत, मोबाइल, सिनेमा, पॉकेटमनी, सगळं असेल. पण मला त्या बाटलीनं दोन गोष्टी दिल्या होत्या, झोप आणि खांद्यावरचा हात. त्या मला दुसऱ्या कुणी दिल्या नव्हत्या. मग तिसऱ्या-चौथ्या वेळेला नुसती बाटली उरते. झोपही जाते आणि हातही जातो, हे कळायला वेळ लागतो.

दोन-तीन महिन्यांत शाळेनं चिठ्ठी दिली. "आपला पाल्य वारंवार गैरहजर राहतो. तो मद्यपान करत असल्याचे निदर्शनास आले आहे. पालकांनी समक्ष भेटावे." आप्पांना हरिपाठ सगळा तोंडपाठ, पण अक्षर ओळखीचं नव्हतं. घरातला कुठलाही कागद वाचायचं काम माझं. रेशनकार्ड मी वाचायचो, गावाकडून आलेलं भूकंपाच्या मदतीचं पत्र मी वाचायचो, ठेकेदाराचा हिशोब मी तपासायचो. आप्पांनी चिठ्ठी माझ्याच हातात दिली. "काय लिवलंय?"

मी म्हणालो, "सहल हाय. चाळीस रुपये मागितलेत."

आप्पांनी कोपरीच्या खिशातून चाळीस रुपये काढून दिले. दहाच्या तीन नोटा आणि बाकी चिल्लर. त्या पैशांचं मी काय केलं ते लिहायची गरज नाही.

*

हे सगळं त्या शिक्षकखोलीत मला आठवत होतं आणि समोर ते पोरगं खाली बघत उभं होतं. त्याचे आईवडील कलबुर्गी जिल्ह्यातले. बाप सेंटरिंगच्या कामावर, आई बिगारी. बापाच्या फोनचा पासवर्ड पोराला माहीत, बापाला नाही. बँकेत तोच जातो. दवाखान्यात आईच्या पोटात दुखतं हे डॉक्टरला तोच सांगतो, आणि डॉक्टरनं आईला जे विचारलं ते आईला विचारतानाही तोच. चौदा वर्षांचं पोरगं. त्या घरात मोठं माणूस कोण, असा प्रश्न पडला तर उत्तर तोच आहे. मग मोठ्या माणसाला कुणी विचारायचं की तू कुठं जातोस, काय पितोस?

गावात पोरगं बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. गावात हातभट्टी असते, देशी असते, बापाच्या बाटलीतली चोरून पिणारी पोरंही असतात. पण गावात पोरगं कुठंही उभं राहिलं तरी ते कुणाचं हे चार माणसांना माहीत असतं. पारावरचा म्हातारा, गिरणीवाला, मारुतीच्या देवळातला पुजारी, एसटीचा कंडक्टरसुद्धा. संध्याकाळच्या आत बातमी घरी. आम्हाला त्या नजरांचा वैताग यायचा. शहरात आलो तेव्हा पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्यामुळंच. आईबापांना मात्र कळलं नाही की त्यांच्या हातातून नेमकं काय सुटलं. त्यांनी पोराला कधी एकट्यानं सांभाळलंच नव्हतं, अख्खा गाव सांभाळायचा. पुण्यात येऊन त्यांच्यावर एकट्यावर ते पडलं, तेही पहिल्या शिफ्टला गेल्यावर आणि ओव्हरटाईमहून आल्यावर उरेल तेवढ्या वेळात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मेक्सिकोहून आणि इतर देशांतून गेलेल्या कुटुंबांवर बरंच संशोधन झालं आहे. त्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट मला आमच्या वस्तीला अगदी लागू वाटते. जे स्वतः देश सोडून आले त्यांच्यापेक्षा, तिथंच जन्मलेल्या त्यांच्या पोरांत पिण्याचं प्रमाण जास्त. गरिबी पहिल्या पिढीच्या वाट्याला जास्त आली, कष्ट तिनं जास्त काढले, तरी बाटलीकडं दुसरी पिढी वळली. आईबाप तिथली भाषा शिकेपर्यंत पोरं तिथली झालेली असतात, आणि आईबापांचा शब्द घरातल्या घरातच राहतो. मी हे वाचलं तेव्हा आप्पा गेलेले होते. त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "म्हंजे तिकडंबी असंच हाय तर."

कायदा मात्र आपल्याकडं कडक आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला एकवीस वर्षं पुरी लागतात, बाकी दारूला पंचवीस. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायला परवाना लागतो. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे लहान मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अभ्यासिकेतल्या पोरांना मी हे एकदा फळ्यावर लिहून दाखवलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण दारू कशी मिळते ते सगळ्यांना माहीत होतं. वाईन शॉपच्या बाहेर उभं राहायचं, एखाद्या बऱ्या वाटणाऱ्या दादाला म्हणायचं, "दादा, एक क्वार्टर घेऊन द्या ना, गर्दीत घुसता येईना." त्याला वीस रुपये जास्त द्यायचे. पैसे सगळ्यांनी मोबाइलवरून एकाकडं पाठवायचे. मग थंडाच्या बाटलीत मिसळायचं, टेकडीवर किंवा नव्या इमारतीत जायचं. त्या नव्या इमारतीतही कुणाच्या तरी बापाची वॉचमनची नोकरी असते. पोरं हे सांगत होती आणि मी खडू हातात धरून तसाच उभा होतो.

त्या पोरांत दोन मुली होत्या. त्यातली एक शेवटी म्हणाली, "सर, आमचा भाऊ रात्री उलटी करतो तर मीच पुसते. मम्मीला कळायच्या आत." ती आठवीत आहे.

मेंदूचा कपाळामागचा जो भाग माणसाला थांब म्हणतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून त्या आधीची दारू जास्त खोल रुतते. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढं व्यसन जडण्याचं प्रमाण विशी ओलांडून सुरुवात करणाऱ्यांच्या जवळपास चौपट निघालं होतं. चौथ्या स्लॅबवर आलेल्या त्या चौघांपैकी एक अडतिसाव्या वर्षी लिव्हरनं गेला. शेवटच्या वर्षात त्याला मुक्तांगणला नेलं होतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र येरवड्यात, आळंदी रस्त्यालाच आहे. माझ्या ओळखीतली कितीतरी घरं तिथल्या माणसांमुळं उभी राहिली. पण माझ्या मित्रासारखे लोक तिथं पोचतात तेव्हा पिऊन वीस-बावीस वर्षं झालेली असतात. त्याची सुरुवात त्या स्लॅबवर, माझ्या बापाच्या किल्लीनं झाली होती. हे ओझं मी उतरवू शकत नाही आणि उतरवायचंही नाही.

"बाहेरून आलेल्या पोरांनी पुणं बिघडवलं," असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला रात्री अडीचच्या सुमाराला एका भरधाव गाडीनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, पबमधून दारू पिऊन निघाल्याचा त्याच्यावर आरोप आहे. जे दोघं गेले ते विशीतले इंजिनिअर होते, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. म्हणजे त्या रात्री बाहेरून आलेली पोरं ती होती. त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढं तो निर्णय बदलला, पण आमच्या अभ्यासिकेत पोचली ती निबंधाची बातमी. "सर, आपल्याला पकडलं तर काय करतील? आपल्याला पण निबंध देतील?" एकानं विचारलं. बाकीच्यांना उत्तर माहीत होतं. ते गप्प बसले.

फुलेनगरच्या थांब्यावर मी रोज बसमधून उतरतो. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा, १८८० साली, शहरात दारूची दुकानं वाढवायला त्यांनी पत्र लिहून विरोध केला होता. दारूनं कष्टकऱ्याच्या घराचं काय होतं हे त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली. थांब्यावर उतरून दुकानांच्या पाट्यांखालून चालत जाताना मला ते पत्र आठवतं.

*

आप्पांना चिठ्ठीतलं खरं कळलं ते दहा दिवसांनी. "सहल कवा हाय?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या. घरातले सगळे कागद विठोबाच्या तसबिरीमागं असायचे. तिथून त्यांनी चिठ्ठी काढली आणि शेजारच्या सोसायटीतल्या एका रिटायर्ड गृहस्थांकडून वाचून घेतली.

मी शाळेतून आलो तर आप्पा खोलीत बसले होते. कामाच्या वेळेला ते कधी खोलीत नसायचे. चिठ्ठी मांडीवर. मायनं पदर तोंडाला लावलेला. ती एवढंच म्हणत होती, "गावाकडं कळलं तर काय तोंड दावायचं." मला वाटलं आता पट्टा निघणार. आप्पांनी विचारलं, "कुठं भेटतं ते?"

मला आधी समजलंच नाही. आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस खरंच विचारत होता. त्यांना ते ठिकाण माहीत नव्हतं.

"चल. दाव."

मी पुढं, आप्पा मागं. डोक्याला फेटा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. देशीच्या दुकानासमोर आल्यावर मी थांबलो. आप्पा पायरी चढले. आत प्यायला उभी असलेली माणसं बाजूला झाली, एकानं तर पेला मागं लपवला. आप्पांनी माझा दंड धरून मला काउंटरसमोर उभं केलं आणि मालकाला हात जोडले.

"मालक, हे माझं पोरगं हाय. चांगलं वळखून ठेवा. ह्येला देऊ नका."

मालक म्हणाला, "बाबा, आम्ही लहान पोरांना देतच नाही." त्याच मालकानं मागच्या शनिवारी मला दिली होती. आप्पांनी त्यावर काही म्हटलं नाही. पुन्हा हात जोडले, म्हणाले, "वळखून ठेवा."

मला वाटलं, झालं. पण ते पुढं निघाले. वाईन शॉप. त्याच्या शेजारची पानटपरी. अंडाभुर्जीची गाडी. रिक्षा स्टँड. पिठाची गिरणी, केस कापायचं दुकान, सायकल पंक्चरवाला. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. रिक्षावाल्यांना देऊ नका म्हणण्यात काही अर्थ नव्हता, तिथं म्हणाले, "कुठं वंगाळ दिसलं तर मला सांगा. मी तिथं वॉचमन हाय, चौथ्या माळ्याची बिल्डिंग." शरमेनं माझे पाय उचलत नव्हते. माझ्या वर्गातली दोन पोरं सायकलवरून गेली, त्यांनी बघितलं. मला तेव्हा वाटलं, याच्यापेक्षा पट्ट्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी प्यालोच नाही असं नाही. दोनदा प्यालो. पण विश्रांतवाडीत कुणी देईना, येरवड्यापर्यंत जावं लागलं. दुसऱ्या वेळेला परत येताना रिक्षा स्टँडवरच्या एकानं हटकलं, "ए, माळकऱ्याचा ना तू? इकडं ये. तोंड दाखव." त्यानं मला आप्पांकडं नेलं नाही. स्टँडवर बसवून ठेवलं, दोन पेले चहा पाजला, उतरेपर्यंत जाऊ दिलं नाही. जाताना म्हणाला, "बाप येऊन सांगून गेलाय, समजलं का?" तोवर मी येऊलालो होतो. त्या दिवसापासून आळंदी रस्त्यावर मी माळकऱ्याचा झालो. अनोळखी माणसानं मला त्या शहरात पहिल्यांदा ओळखलं ते असं.

आप्पा २०११ साली गेले. पालखीच्या दिवशी अजूनही एक-दोन म्हातारे रिक्षावाले भेटतात आणि त्यांची आठवण काढतात.

*

शाळेतून बाहेर पडल्यावर मी त्या पोराला फाटकापाशी थांबवलं. म्हणालो, "मला कानडी कळते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आई आम्हा दोघांकडं आलटून पालटून बघत होती. मी त्याला म्हणालो, "मी सांगणार नाही. तू सांग. आज रात्री सांग, उद्या मी घरी येतो." त्याला माझ्या चाळीस रुपयांची गोष्ट सांगितली, थोडक्यात. त्यानं ती ऐकली की नाही मला ठाऊक नाही, तो फाटकाच्या गजाला नखानं खरवडत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यानं सांगितलं होतं. बापानं मारलं होतं, गालावर वळ होता. बाप खोलीत नव्हता. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती, भाकरी थापत होती. तिनं वळून न बघता कानडीत विचारलं, याला कुठं मिळतं, कोण देतं, इथं मी कुणाला ओळखत नाही. पोरानं मला मराठीत सांगायला तोंड उघडलं. मी म्हणालो, "कळलं मला."

मग मी त्यांना आप्पांची गोष्ट सांगितली. माझं तुटकं कानडी, हिंदी आणि मधे मधे पोराची मदत. आईनं तवा उतरवला, पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि पदर डोक्यावर घेतला.

सहा वाजून गेले होते. वाईन शॉपवर कामावरून सुटलेल्यांची गर्दी होती. बाई बघून रांगेतले थोडे सरकले. पोराला आईनं मनगटाला धरलं होतं. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे. काउंटरच्या जाळीपाशी जाऊन ती कानडीत बोलली, मोठ्यानं, गावात रानातून हाक मारतात तशी.

"इव नन्न मग. इवग कोडब्याड्री."

काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतेय?"

मला सांगता आलं असतं. मी पोराकडं बघितलं. आईनंही बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, चला हो लवकर. पोराच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. मी वाट बघत होतो. तो आता काय भाषांतर करेल याची मला खात्री नव्हती.

"ही माझी आई आहे," तो म्हणाला. थोडा थांबला. "मी तिचा मुलगा. मला देऊ नका म्हणते."

माणसानं जाळीतून वाकून त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मान हलवली. आईनं विचारलं, आणखी कुठं? पोरानं रस्त्याच्या पलीकडं बोट दाखवलं. सिग्नल सुटेपर्यंत आम्ही तिघं दुभाजकावर उभे राहिलो.